कोल्श-पद्धतीची एल, ऑल-ग्रेन (अर्काऐवजी थेट माल्टपासून), २० लिटर: बॅचची नोंद

कोल्श ही जर्मनीतल्या कोलोन शहराची बिअर, तिचं नाव युरोपीय संघात १९९७ पासून संरक्षित आहे. कोलोन परिसराबाहेर बनलेल्या बिअरला म्हणून 'कोल्श-पद्धतीची' म्हणायचं. १९८६ च्या कोल्श कन्व्हेन्शनमध्ये ब्रुअरीजनी व्याख्या पक्की केली: फिकट, भरपूर आंबलेली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) जाणवणारी, एल यीस्टची (वरच्या थरात, जरा उबेत आंबवणाऱ्या) आणि गाळून लख्ख केलेली. घरच्या ब्रुअरला यातलं 'लख्ख' सगळ्यात जड जातं.

दिवस १, मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं)

पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट जव) ४.२ किलो, गव्हाचा माल्ट २५० ग्रॅम. कॅरामेल माल्ट अजिबात नाही, त्यानं रंग आणि गोडवा दोन्ही बिघडतात. आरओ पाणी ३१.५ लिटर, त्यात ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. मॅशसाठी १३.५ लिटर पाणी ६९ अंशांवर. माल्ट मिसळल्यावर ६३ अंश मिळाले. पीएच ५.६५ आला. इतक्या फिकट माल्टकडून तो आपोआप खाली येत नाही, म्हणून ८८ टक्के लॅक्टिक ॲसिड ४ मिलि घातलं, ५.३५ वर स्थिरावला. ६३ अंशांवर ६० मिनिटं, मग ७२ अंशांवर १५ मिनिटं.

स्पार्ज (माल्ट धुऊन उरलेली साखर काढायचं पाणी) १८ लिटर, ७५ अंश. शेवटी निथळणारं वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) १.०१० घनतेच्या (पाण्याची १.०००) खाली गेलं की थांबायचं, नाहीतर सालांतला तुरटपणा उतरतो आणि इतक्या हलक्या बिअरमध्ये तो झाकायला काहीच नसतं. केटलमध्ये (उकळायच्या भांड्यात) २७ लिटर, १.०३८.

उकळी

९० मिनिटं, झाकण उघडं. पिल्सनर माल्टमधून तयार होणारं डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) वाफेबरोबर जायला हवं. झाकण ठेवलं तर वाफेचे थेंब तेच परत टाकतात आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. टेटनांग हॉप्स, अल्फा आम्लं (कडवटपणाचा स्रोत) ४.५ टक्के: शेवटून ६० मिनिटं राहिली असताना ४० ग्रॅम, १५ मिनिटं राहिली असताना २० ग्रॅम. कडवटपणा हिशेबानं २५ आयबीयू (कडवटपणाचं एकक). आयरिश मॉस (गाळ खाली बसवणारं समुद्री शेवाळ) १० मिनिटं. चिलरनं १५ अंशांपर्यंत खाली, गाळ केटलमध्येच सोडला. फर्मेंटरमध्ये २० लिटर, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०४७.

यीस्ट वायईस्ट कंपनीचं २५६५, कोल्शसाठीचं. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्टचा स्टार्टर (यीस्ट वाढवायचं द्रावण) दोन दिवस आधी लावला होता. थंड वॉर्टमध्ये यीस्ट कमी पडलं तर आंबणं रेंगाळतं. आणि २० अंशांवर टाकून मग थंड करू, हा मोह टाळावा: फळांसारख्या वासाचे एस्टर सुरुवातीच्या वाढीतच तयार होतात, नंतरच्या थंडाव्यानं ते पुसले जात नाहीत.

दिवस २ ते ११

सोळा तासांत फेस. बिअरचंच तापमान १५ ते १६ अंश. खोलीचं नव्हे, कारण जोर असताना आतली बिअर दोन-तीन अंश गरम असू शकते. तिसऱ्या दिवशी गंधकाचा वास आला. घाबरू नये, तो निघून जातो. सहाव्या दिवशी १.०१८, तेव्हा १८ अंशांवर नेली, म्हणजे यीस्ट डायअसिटिल (लोण्याच्या वासाचं संयुग) शोषून घेतं. अकराव्या दिवशी १.०११, सलग तीन दिवस तोच आकडा. नमुना झाकलेल्या ग्लासात ६० अंशांवर २० मिनिटं ठेवून थंड करून हुंगला. लोण्याचा वास नाही. अल्कोहोल ४.७ टक्के.

दिवस १२ ते ४०

२ अंशांवर लॅगरिंग (थंडीत मुरवणं). दोन आठवड्यांनंतरही बिअर ताकासारखी गढूळ! २५६५ खाली बसायला फार आळशी आहे, आणि २५० ग्रॅम गव्हातल्या प्रथिनांनी भर घातली. तिसऱ्या आठवड्यात ३ ग्रॅम जिलेटिन १०० मिलि पाण्यात ६५ अंशांवर विरघळवून घातलं. उकळू नये, त्याची पकड जाते. बिअर ५ अंशांच्या खाली असतानाच घालावं, कारण थंडीत दिसणारी धूसर झाक तेव्हाच तयार झालेली असते आणि तीही सोबत खाली येते. तीन दिवसांत वरचा अर्धा भाग आरपार दिसू लागला, आठवड्यानं सगळाच.

बॉटलिंग

बाटलीत गॅस तयार व्हायला १९ लिटरला ११५ ग्रॅम साखर. इथे बरेच जण चुकतात: साखरेच्या कॅल्क्युलेटरमध्ये लॅगरिंगचे २ अंश नव्हे, आंबणं संपतानाचे १८ अंश भरायचे. थंडीत बिअर आपणहून नवा कार्बन डायऑक्साइड घेत नाही. २ अंश भरले तर साखर कमी पडते आणि बिअर मचूळ लागते. बाटल्या २० अंशांवर दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये एक आठवडा.

पुढच्या बॅचमध्ये गहू पूर्ण वगळून ४.४५ किलो पिल्सनरच. फेस टिकतो का आणि जिलेटिनशिवाय कितव्या आठवड्यात स्वच्छ होते, एवढंच त्यात मोजायचं आहे.