काशाची वाटी आणि काळे तळवे

मोठं दुखणं आलं की डॉक्टर असतात, रिपोर्ट असतात, भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात. पण हे जे किरकोळ असतं ना, मान आखडली, कंबर धरली, पोटऱ्या भरून आल्या, दिवसभराच्या टेन्शनने डोकं भणभणतंय, त्याला कोणी विचारत नाही. ते आपलं आपणच निस्तरायचं.

आमच्याकडे त्यासाठी एक अख्खा ड्रॉवर आहे. बामच्या अर्धवट संपलेल्या डब्या, गरम पाण्याची रबरी पिशवी, ओव्याची पुरचुंडी बांधायला मऊ झालेलं फडकं. बाममधलं मेंथॉल म्हणे कातडी गार करतच नाही, थंडी ओळखणाऱ्या नसांनाच ते चाळवतं आणि मेंदू बिचारा फसतो. गरम-गार आपल्याला कळतं कसं, या संशोधनाला २०२१ चं नोबेल मिळालं त्यात हेपण होतं. फसवाफसवी का असेना, डोकं उतरतं ना, बास. शेकाला मात्र तारतम्य हवं. ताजा मुरगळलेला, सुजलेला पाय असेल तर बर्फ, जुनं आखडलेलं असेल तर गरम, आणि डायबिटीसवाल्यांच्या पायाला पिशवी लावायच्या आधी आपण हात लावून बघायचा, कारण त्यांना कधीकधी चटका बसलेला कळतच नाही.

पण माझा जीव काशाच्या वाटीत.

ही वाटी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, माहेरची. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. दिसायला एवढीशी, हातात घेतली की चांगली जड. रात्री मागचं आवरून झालं की जुना पेपर पसरायचा, तळव्याला चमचाभर साजूक तूप (खोबरेलही चालतं, पण आईंच्या मते ती नुसती वेळ भागवणं) आणि टाचेपासून बोटांपर्यंत घासत जायचं, मग खळग्यात गोल गोल. आधी गुदगुल्या होतात, मग वाटी कोमट होते, तूप करडं व्हायला लागतं आणि शेवटी तळवे काळेकुट्ट. आयुर्वेदाच्या अष्टांगहृदय ग्रंथात वाग्भटानेही सांगून ठेवलंय की अंगाला तेल लावताना डोकं, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्या, त्यामुळे आईंची बाजू भक्कमच.

काळं झालं की आई खूश. "बघ किती उष्णता होती अंगात!" माझ्या भाच्याला हे पटेना, त्याने तीच वाटी तूप लावून पांढऱ्या फडक्यावर घासली, फडकंपण काळं. म्हणजे तो धातूचाच रंग, तूप आणि घर्षणाने उतरलेला. आई शांतपणे म्हणाल्या, "मग फडक्यात पण असेल उष्णता."

उष्णता जाऊ दे, बरं तर वाटतंच. कोपर दाराला आपटलं की आपण आधी ते चोळतो, त्यामागे कारण आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं होतं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की दुखण्याच्या संदेशांची वाट अडते. आणि माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे दोन्ही हात तुपाने बरबटलेले असतात, मोबाईल उचलताच येत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर काय जळतंय ते जळू दे. (नंतर पाय नीट पुसून मोजे घाला मात्र, तुपाचे पाय आणि टाइल्स म्हणजे दुसऱ्या दिवशी हाडवैद्य.)

आता याची मशीनं निघालीत, प्रदर्शनात एकतरी स्टॉल असतोच, खुर्चीत बसायचं, पाय ठेवायचे, खाली वाट्या गरगर फिरतात. वाईट नाही, ज्यांना गुडघ्यामुळे वाकता येत नाही त्यांची तर सोयच. पण नेमकं कुठे दुखतंय ते मशीनला कुठून कळणार, ते आपलं एकाच जागी फिरत बसतं.

आईंना बरोब्बर कळतं. त्यांचे पाय मी घासते त्यात काही विशेष नाही, पण माझे त्या घासणार म्हटल्यावर मला पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं, मोठ्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! मी पाय साडीखाली, सॉरी, गाऊनखाली ओढून घेतला तर त्या वैतागल्या, "अगं नमस्कार नाही करते तुला, पाय पुढे कर." हल्ली तर माझा रात्रीचा कॉल चालू असला तरी पेपर पसरून बसतात आणि खुणेनेच विचारतात, म्यूटवर आहेस ना?