गो मॉड्यूल: व्हर्जन नेमकं ठरवतं कोण?

गो भाषेत काम करणाऱ्या टीममध्ये एक सवय सर्रास दिसते. बिल्ड फुटला की ‘गो मॉड टायडी’ (लागणाऱ्या लायब्ररींची यादी नीट करणारी कमांड) चालवायचं, तरी नाही जमलं तर ‘गो.सम’ फाइल (लायब्ररींचा मजकूर तोच आहे हे तपासायच्या चेकसमची नोंद) उडवून पुन्हा चालवायचं. बहुतेकदा बिल्ड उभा राहतो, पण या झटापटीत कोणत्या लायब्ररीचं कोणतं व्हर्जन आत आलं हे कुणी बघत नाही. गोचं डिपेंडन्सीचं, म्हणजे बाहेरून आणलेल्या लायब्ररींचं, सगळं तंत्र एकाच नियमावर चालतं. तो नियम डोक्यात बसला की कमांड पाठ करायची वेळच येत नाही.

समजा तुमच्या प्रोजेक्टला ‘क’ आणि ‘ख’ ही दोन मॉड्यूल, म्हणजे एकत्र व्हर्जन दिलेले पॅकेजचे संच, लागतात. ‘क’च्या गो.मॉडमध्ये (मॉड्यूलच्या मागण्यांची फाइल) लिहिलंय की मला ‘ग’ किमान १.२.० हवं. ‘ख’ म्हणतं, किमान १.४.० हवं. ‘ग’चं ताजं व्हर्जन १.९.० आहे. गो १.४.० घेतं. म्हणजे सगळ्यांच्या किमान मागण्यांमधली जी सर्वांत मोठी, ती घ्यायची आणि तिथेच थांबायचं. १.९.० कुणी मागितलंच नाही, तर ते येणार नाही. गो टीममधल्या रस कॉक्स यांनी २०१८ मध्ये ही पद्धत मांडली, त्याच वर्षी गो १.११ मध्ये मॉड्यूल प्रायोगिक स्वरूपात आले आणि २०२१ च्या १.१६ पासून ते डीफॉल्ट झाले.

एनपीएम (जावास्क्रिप्टचं) किंवा कार्गो (रस्टचं) ही पॅकेज टूल दिलेल्या मर्यादेत बसणारं ताजं व्हर्जन शोधतात, म्हणून त्यांना निवडलेली व्हर्जन गोठवून ठेवणारी लॉक फाइल लागते. गोला ती लागत नाही. सगळी गो.मॉड वाचली की उत्तर एकच निघतं, आज काढा की सहा महिन्यांनी. याची दुसरी बाजू मात्र लक्षात ठेवायलाच हवी: सुरक्षेची दुरुस्ती आपणहून कधीच येत नाही, ती मागावी लागते.

मागायची कशी? आधी बघा. ‘गो लिस्ट -एम -यू ऑल’ चालवलं की प्रत्येक मॉड्यूलपुढे सध्याचं व्हर्जन दिसतं आणि नवं उपलब्ध असेल तर ते चौकटी कंसात दिसतं. मग हवं तेवढंच उचला: ‘गो गेट’, पुढे मॉड्यूलचा पत्ता, @ चिन्ह आणि नेमकं व्हर्जन. ‘गो गेट -यू ./...’ मी रोजच्या कामात टाळायला सांगेन. ते तुमच्या पॅकेजना लागणाऱ्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष सगळ्या मॉड्यूलना ताज्या मायनर व्हर्जनवर (१.४.० मध्ये पहिला आकडा मेजर, मधला मायनर, शेवटचा पॅच) नेतं, आणि नंतर एखादी टेस्ट पडली की चाळीस बदलांतला कोणता कारणीभूत, हे शोधत बसावं लागतं. फक्त दुरुस्त्या हव्या असतील तर ‘-यू=पॅच’ वापरा, त्यात मायनर व्हर्जन हलत नाही. मेजर व्हर्जन यांपैकी कशानेही बदलत नाही, कारण गोच्या लेखी व्ही२ हे वेगळंच मॉड्यूल आहे. त्याच्या पत्त्याच्या शेवटी /व्ही२ येतं आणि कोडमधल्या इम्पोर्ट ओळी हाताने बदलाव्या लागतात.

व्हर्जन खाली आणतानाही नियम तोच. ‘ग’ला १.३.० वर ओढलं, तर १.४.० मागणारं ‘ख’ तसंच राहू शकत नाही. गो त्यालाही जुन्या व्हर्जनवर नेतं किंवा काढून टाकतं. म्हणून डाउनग्रेडनंतर कमिट करण्याआधी गो.मॉडचा फरक नीट वाचा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते. सिक्युरिटी स्कॅनर ओरडतो की अमुक मॉड्यूलचं जुनं व्हर्जन सापडलं. तुम्ही ‘गो मॉड व्हाय -एम’ विचारता, तर उत्तर येतं की मुख्य मॉड्यूलला याची गरजच नाही. तरी ‘गो मॉड ग्राफ’मध्ये ते ठळक दिसतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. ‘ग्राफ’ गो.मॉडमधल्या मागण्या दाखवतं, प्रत्येक ओळीत डावीकडे मागणारा आणि उजवीकडे मागितलेलं मॉड्यूल. ‘व्हाय’ इम्पोर्टची साखळी शोधतं. एखाद्या लायब्ररीच्या गो.मॉडमध्ये नाव आहे, पण त्यातलं एकही पॅकेज तुमच्या कोडपर्यंत पोचत नाही, असं नेहमीच घडतं. गो.सममध्येही अशी नावं असतात, कारण व्हर्जन ठरवताना ज्या ज्या गो.मॉड वाचल्या त्यांचे हॅश तिथे नोंदले जातात. त्यामुळे गो.सम बघून ‘हे आपण वापरतो’ असं म्हणणं चुकीचं. शेवटचा शब्द तयार बायनरीचा, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमचा: ‘गो व्हर्जन -एम’ आणि पुढे बायनरीचं नाव. कंपाइल होऊन आत गेलेली मॉड्यूल त्यांच्या व्हर्जनसकट तिथे दिसतात. याच्या पुढची पायरी म्हणजे गोव्हल्नचेक, सुरक्षेच्या ज्ञात त्रुटी शोधणारं टूल. धोक्याचं फंक्शन तुमच्या कोडमधून खरंच बोलावलं जातंय का, हेही ते तपासतं.

गो.सम उडवण्याबद्दल. चेकसम जुळत नाही असा एरर आला, तर आधी ‘गो क्लीन -मॉडकॅश’ करून पुन्हा डाउनलोड करा. लोकल कॅशे बिघडली असेल तर तेवढ्याने भागतं. तरीही एरर राहिला, तर बऱ्याचदा कारण असं असतं की लेखकाने आधी प्रसिद्ध केलेला टॅग दुसऱ्याच कमिटवर हलवला. प्रॉक्सीकडे (मॉड्यूलच्या प्रती ठेवणारा मधला सर्व्हर) जुना मजकूर जपलेला असतो आणि थेट गिटवरून घेणाऱ्याला नवा मिळतो. सार्वजनिक मॉड्यूलच्या बाबतीत गो.सम पुसली तरी चेकसम डेटाबेस पुन्हा पडताळणी करतो. पण गोप्रायव्हेटमध्ये (खाजगी पत्ते सांगणारं सेटिंग) टाकलेल्या खाजगी मॉड्यूलना तो डेटाबेस लागूच होत नाही. त्यांच्यासाठी गो.सम हा एकमेव पुरावा, आणि तोच आपण पुसत असतो.

खाजगी रिपॉझिटरीचा विषय निघालाच आहे, तर: ४१० गॉन किंवा ‘टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड’ दिसलं, की पहिल्यात गो सार्वजनिक सर्व्हरकडे विचारतोय आणि दुसऱ्यात गिटकडे पासवर्ड नाही. ‘गो एन्व्ह -डब्ल्यू’ने गोप्रायव्हेटमध्ये आपल्या गिट सर्व्हरचा पत्ता घाला, आणि गिट कॉन्फिगमध्ये ‘इन्स्टेडऑफ’ वापरून एचटीटीपीएसचा पत्ता एसएसएचकडे वळवा. सीआयच्या, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, मशीनवर हे दोन्ही वेगळं करावं लागतं.

गो.मॉडमधली ‘रिप्लेस’ ओळ (एका मॉड्यूलच्या जागी दुसरं वापरायला सांगणारी) लोकल कॉपीवर काम करायला सोयीची, पण ती फक्त मुख्य मॉड्यूलमध्ये चालते. तुमची लायब्ररी दुसऱ्याने वापरली, की तुमचे रिप्लेस बाजूला पडतात. शिवाय गो.मॉडमध्ये रिप्लेस असलेलं टूल ‘गो इन्स्टॉल’ने @ व्हर्जन देऊन बसवता येत नाही. दोन-तीन मॉड्यूलवर एकत्र काम असेल तर १.१८ पासूनची ‘गो.वर्क’ फाइल वापरा आणि ती शक्यतो कमिट करू नका.

सीआयमध्ये ‘गो मॉड टायडी -डिफ’ हवंच. हे १.२३ पासून आहे; फाइल न बदलता फरक दाखवतं आणि फरक असेल तर बिल्ड पाडतं. कुणाचाही टायडी करायचा राहिला तर रिव्ह्यूच्या आधीच कळतं. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर इमेज कशी बनवायची हे सांगणारी फाइल) आधी फक्त गो.मॉड आणि गो.सम कॉपी करा, ‘गो मॉड डाउनलोड’ चालवा, मगच बाकीचा कोड आणा. म्हणजे कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरत नाहीत.

डॉकरमध्येच अजून एक ठेच लागते. १.२१ पासून गो.मॉडमधली ‘गो’ ओळ ही सक्तीची किमान अट झाली. ‘गो गेट’ने आणलेल्या नव्या लायब्ररीला गो १.२३ लागत असेल, तर तुमच्या फाइलमधली ओळही १.२३ होते. तुमच्या लॅपटॉपवर गो नवं टूलचेन (कंपायलर आणि सोबतची टूल) आपोआप उतरवून घेतो आणि सगळं सुरळीत दिसतं. पण गोच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये गोटूलचेन या सेटिंगची किंमत ‘लोकल’ ठेवलेली असते, तिथे हे आपोआप उतरवणं बंद. जुन्या इमेजवर बिल्ड तिथेच थांबतो आणि गो.मॉडला यापेक्षा वरचा गो हवा असं सांगतो. अशा वेळी एक तर इमेज वर न्या, नाहीतर त्या लायब्ररीचं आधीचं व्हर्जन @ देऊन मागा. फक्त ‘गो’ ओळ हाताने खाली केली, तर त्या लायब्ररीची अट तशीच उरते आणि पुढची टायडी ती ओळ परत वर नेते.