टाकीच्या आधी ॲसिड : आमची वाटचाल

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आम्ही सुरुवात केली ती शेड, जिने, प्लॅटफॉर्म आणि पाण्याच्या टाक्या अशा साध्या फॅब्रिकेशनच्या कामांनी. आजूबाजूला रसायनांचे कारखाने असल्यामुळे ॲसिडच्या टाक्यांची विचारणा लवकरच होऊ लागली. बहुतेक ग्राहक टाकी किती किलोलिटरची आणि किलोला दर काय, एवढेच बोलत. ॲसिड कोणते, किती टक्क्यांचे आणि कोणत्या तापमानाला ठेवायचे, हे आम्हालाच खोदून विचारावे लागे. म्हणून आम्ही नियम केला की या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे हाती आल्याशिवाय ड्रॉइंग करायचे नाही. त्यापायी काही ऑर्डरी गेल्या, परंतु ॲसिडची टाकी केवळ वजनावर विकणे हे आमच्या मते धोकादायक काम आहे.

९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड साध्या पोलादाच्या टाकीत राहू शकते, कारण पोलादावर आयर्न सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच पुढची झीज रोखून धरतो. हा थर मात्र नाजूक असतो. पाइपातील वेग सेकंदाला साधारण एक मीटरच्या वर गेला की तो धुऊन निघतो, आणि पाणी शिरून ॲसिड सौम्य झाले की पोलाद झपाट्याने खाल्ले जाऊन हायड्रोजन सुटू लागतो. कोकणातल्या पावसाळी हवेत ही अडचण फार मोठी आहे. टाकीतून ॲसिड उपसताना वेंटमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या नळीतून, तेवढीच दमट हवा आत ओढली जाते आणि छताच्या आतल्या बाजूला चिकटलेले ॲसिड ती ओल शोषून सौम्य होते. त्यामुळे तळापेक्षा छतच आधी पातळ झालेले आम्ही अनेक जुन्या टाक्यांत पाहिले आहे. आमच्या प्रत्येक टाकीच्या वेंटवर आत येणाऱ्या हवेतली ओल शोषणारा सिलिका जेलचा ब्रीदर असतो, आणि त्यातले निळे दाणे गुलाबी दिसू लागले की ते बदलायचे, हे आम्ही ऑपरेटरला प्रत्यक्ष दाखवून देतो.

वजनाचा हिशेबही वेगळा आहे. हे ॲसिड पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड असल्यामुळे २० किलोलिटरच्या टाकीत जवळपास ३७ टन माल उभा राहतो. पाणी भरून घेतलेल्या चाचणीत सांध्यांची गळती कळते, पण पायावर आणि प्लेटवर येणारा खरा भार त्यात उतरत नाही. तो डिझाइनमध्येच धरावा लागतो. चाचणीनंतर टाकी पूर्ण कोरडी केल्याशिवाय आम्ही ताबा देत नाही.

हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत पोलाद हे फक्त बाहेरचे कवच; आतून रबर लायनिंग, म्हणजे रबराचे अस्तर, लागते. लायनिंगपूर्वी आतले सगळे वेल्ड घासून गुळगुळीत करायचे, कोपरे गोल करायचे, आणि लायनिंग झाल्यावर स्पार्क टेस्टरचा ब्रश इंच न् इंच फिरवायचा. सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी तिथे चटकन ठिणगी उडते. पुढे कोणीतरी केबलचा क्लिप लावायला बाहेरून वेल्डिंग करतो आणि आतले रबर जळते, म्हणून ‘या टाकीवर वेल्डिंग करू नये’ हे मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत आम्ही टाकीवरच रंगवतो.

टाकीभोवतीच्या डाईक वॉलमध्ये, म्हणजे गळलेले ॲसिड अडवणाऱ्या बांधात, सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल मावला पाहिजे आणि आतून ॲसिडप्रूफ विटा हव्यात. आमच्याकडच्या पावसात हा डाईक बघता बघता भरतो. त्यात ॲसिड गळले तर मिश्रण तापते आणि सौम्य झालेले ॲसिड टाकीलाच बाहेरून खाऊ लागते. त्यामुळे डाईकवर छप्पर आणि कुलूपबंद ड्रेन व्हॉल्व्ह, यांबाबत आम्ही तडजोड करत नाही.

माणसांना इजा होते ती बहुधा टँकर रिकामा करताना, होज जोडताना किंवा सोडताना. पाइपांच्या जोडांवरचे फ्लँज गार्ड, फेस शील्ड आणि एप्रन हवेतच, पण शॉवर आणि आय-वॉश (डोळे धुण्याचा नळ) दहा सेकंदांत गाठता येतील इतके जवळ असावेत आणि पाणी सलग पंधरा मिनिटे मिळावे, यासाठी आम्ही ग्राहकाशी भांडतो. उन्हात तापणाऱ्या पाइपातले कढत पाणी डोळ्यांवर घेता येत नाही, म्हणून ती लाइन सावलीतून न्यावी लागते.

दुरुस्तीच्या कामांत सर्वांत मोठा धोका टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत साचलेल्या हायड्रोजनचा. टाकी रिकामी करून, धुऊन, हवा खेळवून, गॅस मीटरचे रीडिंग घेतल्याशिवाय आमचा वेल्डर ग्राइंडरही सुरू करत नाही. ग्राहकाची घाई कितीही असो.

आता आमच्या प्रत्येक टाकीची जाडी दरवर्षी अल्ट्रासोनिक गेजने मोजली जाते आणि छत, मॅनहोल, नोझल व तळ यांची मापे वेगवेगळी नोंदवली जातात. झिजेसाठी धरलेली जास्तीची जाडी संपत आली की आम्ही पट्टी मारून देत नाही, टाकी बदलण्याचे पत्र देतो.