पाचवा बार

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाही म्हणून लिहितोय.

प्रॅक्टिस चांगली झाली. निदान मला तसं वाटलं. ए मधला संथ ब्लूज, 12 बारांच्या (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) चार फेऱ्या सोलोसाठी मिळाल्या. डोळे मिटून वाजवल्या. मग केबल गुंडाळत असताना आमचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरणारा पोरगा जवळ आला.

"काका, सॉरी हां. दुसऱ्या फेरीत माझं लक्ष उडालं. पाचव्या बारला कॉर्ड बदलून डी सेव्हनवर गेलोच नाही, ए सेव्हनच धरून बसलो. तुम्ही मस्त सावरून घेतलंत!"

"असू दे रे, होतं असं," म्हटलं.

सावरून कसलं घेतलंय! मला पत्ताच नव्हता.

('काका'वर पुन्हा कधीतरी लिहीन.)

घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. बेस शहाण्यासारखा डीवर गेलाय, त्याच्या डोक्यावर या पोराचा ए सेव्हनमधला सी शार्प. भातात खडा लागावा तसं वाजतंय. आणि माझी गिटार? नवरदेव मांडवातून पळाला तरी मंगलाष्टकं म्हणत राहणाऱ्या भटजीसारखी चाललीय आपली.

सगळ्यांना कळलं असणार. ड्रम्सवाला हसला होता, तो कौतुकाने हसला असं मी धरून चाललो होतो.

वीस वर्षं पाचव्या फ्रेटवरची, म्हणजे गिटारच्या पट्टीवरच्या पाचव्या घरातली, तीच चौकट वाजवतोय. ए, सी, डी, ई, जी. अण्णा म्हणायचे, हा तर धानी राग रे. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आमच्या घरात तानपुरा लागला की सा जागचा हलत नसे, त्यामुळे ब्लूजमध्ये पाचव्या बारला पायाखालची सतरंजी ओढतात हे माझ्या कानाला कधी पटलंच नाही. वर हे पाच सूर इतके गोडबोले की तिन्ही कॉर्डवर निभावून नेतात. कुणी अडवत नाही. मग कशाला कोण ऐकतंय!

म्हणजे वीस वर्षं बाकीचे वाजवत होते आणि मी आपला एकटाच. तीही एकदा असंच काहीतरी म्हणाली होती. गिटारबद्दल नव्हे. जाऊ दे.

आपल्याला कॉर्ड वाजवणं जमत नाही, असं ब्लूजचा मोठा गिटारवादक बी. बी. किंग स्वतःच सांगायचा. म्हटलं चला, एका पंगतीतले आपण. जरा बरं वाटावं म्हणून त्याचं 1964 चं, शिकागोच्या रीगल थिएटरमधलं रेकॉर्डिंग लावलं. छे! हाताला जमत नसतील, पण कानाला? गाताना गिटार गप्प, गिटार बोलायला लागली की हा गप्प. आणि कॉर्ड बदलली की सूर असा नेमका तिच्या पुढ्यात ठेवतो, की मागे वाद्यं नसती तरी समजलं असतं कुठे आलोय ते.

मग उठलो. अँप न लावताच गिटार घेतली. तिसरी तार, सहावा फ्रेट: सी शार्प, ए सेव्हनचा शुद्ध गंधार. डी सेव्हन आली की एक घर मागे: सी. तोच आता डीचा कोमल निषाद. इतकंच. दोन्ही गंधार म्हटल्यावर हा तर जोग रागाच्या अंगणात आलो की! अण्णांना सांगायला हवं होतं.

पायाने मोजत, कॉर्ड मनात धरून वाजवत बसलो. सहा, पाच. सहा, पाच. दोनदा चौथ्या बारातच घसरलो, एकदा आठव्यात जाऊन आठवलं. त्या पोराला काय बोलणार मी!

सहा, पाच.

आतून आईचा आवाज आला, "अरे, अजून लागली नाही का ती गिटार?"

"लावतोय गं," म्हटलं.