खालच्या रानात वाफसा आणताना

आमचं रान कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. काळी भारी जमीन, पाण्याची ददात नाही. पण खालच्या 38 गुंठ्यांत मार्च उजाडला की मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसायचा. उगवण विरळ, पानं पिवळी. उसाच्या शेवटच्या खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या पिकाला) 14 टनही भरले नाहीत. आबांचं एकच म्हणणं, "ऊस हाय, पाणी कमी पडाय नको."

गावात सगळे टाकतात म्हणून मीही जिप्सम आणायला निघालो होतो. चुलतभावानं अडवलं, आधी माती तपासायला लावली. बांध आणि उकिरड्याची जागा सोडून आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले. माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. अहवालात सामू (pH) 8.2, संपृक्त अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 6.4 डेसिसायमन प्रति मीटर. उसाला 1.7 च्या पुढेच त्रास सुरू होतो. अहवालानुसार जमीन क्षारयुक्त होती, चोपण नव्हती. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम काढायला जिप्सम लागतं. आमचे क्षार विरघळणारे होते, त्यांना पाण्याबरोबर निघून जायला वाट हवी होती. तीन फुटांचा खड्डा घेतला तर सकाळी अडीच फुटांवर पाणी उभं! उन्हाळ्यात तेच पाणी वर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं.

मग जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचं ठरलं. पैशांपेक्षा अवघड गेलं ते पाणी बाहेर काढणं, कारण ओढ्याची वाट शेजारच्या तात्यांच्या रानातून. "तुझं खारं पाणी माझ्या रानातनं कशाला?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. सहा फेऱ्या झाल्या. त्यांच्या हद्दीतून बंद पाइप नेतो म्हटल्यावर ते तयार झाले, पुढे स्वतःही सामील झाले. शिवाय ओढाच गाळानं भरलेला, त्याचा तळ आमच्या पाइपपेक्षा वर. चौघांनी वर्गणी काढून आधी तो उपसला. नवख्यांनी ही पायरी टाळू नये, नाहीतर पाइप नुसते पुरलेलेच राहतात.

मे महिन्यात साडेतीन-चार फूट खोल, 80 फुटांच्या अंतरावर, गाळणीचं कापड गुंडाळलेले पाइप पडले. एके ठिकाणी उतार उलटा निघाला. तेवढा चर पुन्हा उकरला. जूनमध्ये हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला, 45 दिवसांनी गाडला. पावसाचं पाणी बांध घालून रानातच मुरवलं. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाइपच्या तोंडाचं पाणी जिभेला लावून बघितलं, खारट! मला भरून आलं.

रब्बीला गहू घेतला, त्यानंतर पाच फुटी सरीत ऊस, ठिबकवर. दर 40 सेंटिमीटरला ताशी 4 लिटरचा ड्रिपर, म्हणजे तासाला साधारण साडेसहा मिलिमीटर पाणी. आता मूठभर माती दाबून वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत का, हे बघितल्याशिवाय आबा मोटर चालू करू देत नाहीत. वाहकता 2.6 वर आली आहे. बांधालगतच्या चार गुंठ्यांत यंदाही मार्चमध्ये पांढरं दिसलं. तिथं येत्या मे महिन्यात आणखी एक पाइप घालणार आहे.