फौंड्रीवाले काका आणि लिबर्टी बेल

आमच्या टूरमध्ये फिलाडेल्फिया येतं ते वाटेवरचं गाव म्हणून. न्यू यॉर्क झालं, वॉशिंग्टन व्हायचंय, मध्ये जेवायला थांबायचंच आहे तर लिबर्टी बेल, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानलेली घंटा, बघून घ्या, असा सरळ हिशेब. ज्या शहरात १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ ची राज्यघटना लिहिली गेली, त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस. टूर मॅनेजर म्हणून मला यात फारसं बोलायला जागा नसते. ड्रायव्हरच्या ड्युटीचे तास कायद्याने बांधलेले, आणि न्यू जर्सीच्या हॉटेलातून आपली चाळीसेक मंडळी नाश्ता, औषधं, विसरलेला चष्मा असं सगळं उरकून बसमध्ये बसेपर्यंत त्यातला तासभर गेलेला असतो.

शहर जवळ आलं की मी माइक हातात घेते आणि आनंदीबाई जोशींचं सांगते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाला डुलक्या काढणारी मंडळी आनंदीबाईंचं नाव निघालं की सावरून बसतात. ११ मार्च १८८६ ला इथल्याच वूमन्स मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या. एकवीस वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा वीस दिवस बाकी होते. पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे एवढ्यावर थांबते. त्या दिवशीही थांबले आणि लगेच सूचना दिल्या: आधी लिबर्टी बेल, मग सव्वाअकराला समोरचा इंडिपेन्डन्स हॉल. हॉलच्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती टळली की टळली.

बेलला तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणी आहे, आणि जुलैच्या उन्हात रांग चांगलीच लांबली होती. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना ज्या घरात राहायचे त्याची जागा या रांगेच्या शेजारीच आहे. नऊ गुलाम त्यांनी या घरात राबवले. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने इथे सलग सहा महिने राहिलेल्या गुलामाला सुटका मागता यायची, म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणलं जाई. ओना जज नावाची त्यांच्यातली तरुण मुलगी १७९६ मध्ये इथून निसटली आणि न्यू हॅम्पशायर गाठून मोकळी झाली. हे मी रांगेतच सांगून टाकते. आत गेल्यावर कोणी ऐकत नाही, सगळे फोटोच्या मागे असतात.

ग्रुपमध्ये कोल्हापूरचे एक काका होते. शिरोलीला फौंड्री, आयुष्य ओतकामात गेलेलं, आता कारखाना मुलाकडे. न्यू यॉर्कमध्ये दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. टाइम्स स्क्वेअरला एका बाकावर बसून राहिले होते. इथे मात्र घंटेसमोर गेले आणि हललेच नाहीत.

घंटा तशी मोठी नाही, साधारण ९४३ किलो. लोकांना ती मनातल्या मनात दुप्पट वाटत असते, म्हणून पहिला चेहरा बहुतेकांचा ‘एवढीच?’ असाच होतो. समोर ती बोटभर रुंदीची, नागमोडी वर चढत गेलेली फट. तिच्याशी उभं राहून फोटो काढायचा आणि पुढे जायचं. काका कठड्यापाशी वाकून त्या फटीच्या कडा बघत होते. मग काकूंचा मोबाइल घेतला, कॅमेरा मोठा करून धरला आणि मला हाक मारली.

“ताई, हा तडा न्हवं. हे पाडलंय.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला. फटीच्या दोन्ही कडांना ओळीने अर्धगोल खाचा होत्या, एकाखाली एक. “ड्रिल मारत मारत आणलंय वरपर्यंत. खाचा दिसत्यात बघा. आपसूक गेलेली चीर अशी नसती. ती केसागत असती.”

इतक्या वेळा इथे उभी राहून मी ‘ही ती प्रसिद्ध भेग’ म्हणत आले होते. शेजारी गणवेशातला रेंजर होता, त्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, तुमच्या पाहुण्यांचं बरोबर आहे. घंटेला बारीक तडा गेला होता. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवायची म्हणून कारागिरांनी तो मुद्दाम रुंद केला. मी हे मराठीत सांगायच्या आधीच काका कारण सांगायला लागले. चिरलेल्या घंटेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि आवाज फाटतो. म्हणून मधलं धातू काढून टाकायचं, कडा सुट्या झाल्या की घंटा निदान वाजते तरी. “पण चिरेचं टोक नीट गावलं पायजे. न्हाई गावलं तर ती पुढं पळती.”

आणि ती पळालीच होती. रेंजरने बोट वर केलं. फट संपते तिथून केसासारखी एक रेघ निघून वर घंटेच्या डोक्याकडे गेली होती, वर कोरलेल्या ‘लिबर्टी’ या अक्षरांतून. घंटा कायमची मुकी झाली ती या दुसऱ्या तड्याने. जिचे फोटो जगभर जातात ती खाली दिसणारी फट म्हणजे फसलेली दुरुस्ती.

मग माझी दुभाषाची ड्युटी सुरू झाली. मूळ घंटा लंडनच्या व्हाइटचॅपल फौंड्रीची, १७५२ मध्ये आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली. इथल्या पास आणि स्टो या दोघांनी ती वितळवून पुन्हा ओतली. ठिसूळ आहे म्हणून तांबं वाढवलं, तर आवाज इतका बद्द आला की गावात हसं झालं आणि त्यांनी ती पुन्हा एकदा ओतली. काकांनी या दोघांची बाजू घेतली. कथील जास्त झालं की काशाला कडकपणा येतो, तांबं जास्त झालं की नाद मरतो, आणि भट्टीत जुनं धातू टाकलं की त्यात आधी काय होतं हे देवालाच ठाऊक. “आम्ही पण केलेत असले उद्योग,” ते म्हणाले. आमच्या छापील माहितीपत्रकात ‘जिच्या निनादाने ४ जुलैला स्वातंत्र्य जाहीर झाले’ असं वाक्य आहे. त्याला तर काहीच आधार नाही, ती नंतर रचलेली कथा. ‘लिबर्टी बेल’ हे नावसुद्धा १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी रुळवलं.

अकरा वाजून गेले होते. एक निवृत्त बँक मॅनेजर घड्याळ दाखवत म्हणाले, “मॅडम, आम्ही पैसे भेगा मोजायला भरलेत का?” त्यांचंही खरंच होतं. हॉलला पुन्हा वेगळी तपासणी. काकांना म्हटलं चला, तर ते म्हणाले, “तुम्ही होऊन या.” इंग्रजी येत नसलेल्या माणसाला एकटं सोडणं आमच्या नियमात बसत नाही. शेवटी मेकॅनिकलला असलेली एक मुलगी आपणहून थांबली. तिला सक्त ताकीद देऊन बाकीच्यांना घेऊन मी रस्ता ओलांडला.

हॉलमध्ये हिरव्या कापडाची टेबलं, बोरू, दौती आणि पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली वॉशिंग्टनची खुर्ची. तो सूर्य उगवता की मावळता हे सभेतल्या बेंजामिन फ्रँकलिनना घटनेवर सह्या होईपर्यंत ठरवता येत नव्हतं म्हणे. सह्या झाल्या आणि तो उगवता ठरला. वीसेक मिनिटांत बाहेर.

काका तिथेच होते. खालच्या काठाचे टवके त्या मुलीला दाखवत होते. १८८५ ते १९१५ या काळात घंटा रेल्वेने प्रदर्शनांतून फिरवली, तेव्हा लोकांनी आठवण म्हणून तुकडे उडवले.

पुढचं भराभर झालं. रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये जेवण, म्हणजे अर्ध्या लोकांनी थेपले काढले. मग कला संग्रहालयाच्या, ‘रॉकी’ सिनेमातल्या त्या ७२ पायऱ्या, धावत वर, हात उंच, फोटो, खाली. आत मदुराईच्या देवळातल्या कोरीव खांबांचा अख्खा मंडप उभा केलेला आहे आणि आमचे ग्रुप दारातून परत फिरतात, याचा मला दर वेळी राग येतो. त्या दिवशीही आला.

बस वॉशिंग्टनच्या रस्त्याला लागल्यावर काकांनी स्वतःहून माइक मागितला. सत्तर टक्के तांबं, पंचवीस टक्के कथील धरून त्यांनी आजच्या भावाने घंटेची किंमत काढायला घेतली. तेवढ्यात नाशिकच्या एक मावशी म्हणाल्या, “अहो, आमची नारोशंकराची घंटा हिच्याहून जुनी. १७२१ ची, वसईहून आणलेली. तिचं काय बोलताय ते सांगा.” वसईची लूट, चिमाजी अप्पा, पोर्तुगीजांचं ओतकाम, सगळं निघालं. बँक मॅनेजर मजुरी आणि जीएसटी धरून काकांचा आकडा खोडायला उठले, तर काका म्हणाले, आधी पॅटर्नचा, म्हणजे साच्यासाठीच्या नमुन्याचा खर्च लिहा. डेलावेअर मागे पडून मेरीलँड लागलं तरी भाव ठरलेला नव्हता.