हात नसलेल्यांचा थ्रो-इन

टेबलावरच्या टिचकी फुटबॉलमध्ये, म्हणजे छोट्या पुतळ्यांना बोटाने टिचकी मारून चेंडू खेळवायचा त्यात, सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात माहितीये? गोलवरून नाही, थ्रो-इनवरून. काल पण तेच. धाकट्या भावासोबत मॅच, १५-१५ मिनिटांचे दोन हाफ, आणि त्यातली चार-पाच मिनिटं तरी आम्ही दोघं टेबलाला गाल टेकवून, एक डोळा मिटून, चेंडू लाइनच्या आत आहे की बाहेर तेच बघत बसलो होतो.

नियम खऱ्या फुटबॉलचाच, अख्खा चेंडू लाइनपलीकडे गेला तरच आउट. पण इथे चेंडू केवढा, खेळाडूच्या कमरेला लागेल एवढा, आणि मैदान कापडाचं, त्यामुळे एखादी सुरकुती असली की बाहेर चाललेला चेंडू गुपचूप आत येतो. जाऊन परत आला तरी आउटच ना, पण गेला होता का हे सांगणार कोण, आमच्याकडे रेफ्री बिफ्री काही नसतो. पीटर अ‍ॅडॉल्फने १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये सबुटिओ, म्हणजे हाच टिचकी फुटबॉल, विकायला काढला तेव्हा तर मैदानच नव्हतं, घरातल्या ब्लँकेटवर खडूने लाइनी मारून खेळायचं! तेव्हा काय काय भांडणं झाली असतील देव जाणे.

बरं, थ्रो कोणाचा हा पुढचा वाद. शेवटी ज्याच्या पुतळ्याला चेंडू लागून बाहेर गेला त्याच्या समोरच्याचा. आणि इथेच माझ्या भावाचं डोकं चालतं. कसंय, टिचकी मारलेला पुतळा चेंडूला लागला आणि चेंडू समोरच्या टीमच्या कोणाला लागला नाही तर ताबा तुमचाच राहतो, फक्त एकाच पुतळ्याने सलग ३ पेक्षा जास्त वेळा खेळायचं नाही. मग हा कडेला अडकला, तिसरी टिचकी आली की मुद्दाम माझ्या डिफेंडरवर चेंडू आपटतो, तो बाहेर जातो, थ्रो परत ह्याचाच. मी पुतळा लाइनला चिकटवून उभा केला की ह्याला आनंदच होतो. आता मी बोटभर जागा सोडून उभा करतो, तेवढ्याने बराच फरक पडला.

राहिलं फेकायचं. पुतळे काही चेंडू हातात धरत नाहीत, त्यामुळे थ्रो-इन म्हणजे नावापुरताच थ्रो, चेंडू लाइनवर ठेवायचा, मागे पुतळा आणि टिचकी. हात वर केलेले, चेंडू खरंच फेकणारे खास पुतळेही निघाले होते, दिसतात एकदम भारी, पण मला तो प्रकार नाही आवडत, टिचकीने चेंडू जातो तिथे तो बोटाच्या हिशोबाने जातो, तिकडे सगळी नशिबाची बाब. आणि हो, टिचकी म्हणजे नुसत्या बोटाची, कॅरमसारखा अंगठ्याचा आधार घेऊन नाही. हे भावाला दहा वेळा सांगून झालंय.

थ्रो-इनवरून डायरेक्ट गोल नाही आणि ऑफसाइडही नाही, हे दोन्ही आम्ही खऱ्या खेळातून जसंच्या तसं उचललंय. ऑफसाइड नाही म्हटल्यावर काल साहेबांनी आपला स्ट्रायकर आधीच माझ्या गोलकीपरच्या नाकासमोर नेऊन ठेवला होता. थ्रो मारला, चेंडू थेट त्याच्यापाशी, पुढची टिचकी, गोल.

मी आउटवरून भांडायला तोंड उघडलं, पण चेंडू माझ्याच पुतळ्याला लागून बाहेर गेला होता.